सासूबाईंच्या महालक्ष्म्या यंदा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये: मदत हवी आहे (थोडं भांडणही आहे)

खड्यांची_गौर · १२ ऑगस्ट २०२५

माझं माहेर दापोलीकडचं, कोकणस्थ. आमच्या गौरी म्हणजे सात खडे. आजी मला तबक देऊन पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, पाठवायची. खडे उचलले की घरी येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. एवढीच काय ती परीक्षा, आणि तीही धाकटा भाऊ मुद्दाम मागून हाका मारायचा म्हणून. दारात पायांवर पाणी, हळदकुंकवाची पावलं, पाटावर खडे, घावन-घाटलं. तबकात मावणारी देवी.

लग्न झालं परभणीच्या घरात. सासूबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "महालक्ष्म्या बसवायच्यात, चार दिवस सुट्टी काढ." आमच्याकडे महालक्ष्मी म्हणजे नवरात्रातली अष्टमी, तांदळाच्या उकडीचा मुखवटा आणि रात्रभर घागरी फुंकणं. ती भाद्रपदात कशी, असा प्रश्न मी भर स्वयंपाकघरात चार सासवांसमोर विचारला. अकरा वर्षं झाली, अजून दर वर्षी तो विनोद होतो. तर परभणीच्या महालक्ष्म्या म्हणजे माझ्या खांद्याएवढ्या दोन बायका, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. पत्र्याच्या कोठ्या, एकीच्या पोटात गहू, दुसरीच्या ज्वारी, वर पितळी मुखवटे, भरजरी साड्या, पुढ्यात दोन बाळं, डोक्यावर फुलोरा. मी अकरा वर्षं फक्त भाज्या चिरल्या आणि पुरण वाटलं. साडीला हात लावायची वेळच आली नाही, कारण ते काम सासूबाईंचं. त्या नेसवताना खोलीत कुणी बोलायचंसुद्धा नाही.

मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सासरे गेले. सुतकात महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे वाकडला राहायला आल्या, सोबत मुखवट्यांची ट्रंक. कोठ्या परभणीलाच राहिल्या. मी लोखंडी स्टँड मागवलेत. तेव्हा पहिला प्रश्न अगदी साधा: स्टँडवर साडी नेसवतात कशी? व्हिडिओ बघून सराव केला तर ज्येष्ठा रात्री दीड वाजता सोफ्यावर आडवी झाली. दुसरा, सोळा भाज्या म्हणजे सोळा वेगवेगळ्या करायच्या का? घरात आम्ही चार माणसं आहोत.

आणि आता भांडण. परवा चुलत सासूबाईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला, ही माझी चूक. "वहिनींनी आता मुखवट्यांना हात लावू नये बरं. तू सवाष्ण आहेस, तू कर, त्या सांगतील बसून." सासूबाई समोर गवार मोडत होत्या. काही बोलल्या नाहीत, गवार मोडत राहिल्या. जिनं अडतीस वर्षं त्या दोघींना नेसवलं, तिनं यंदा खुर्चीत बसून मला सूचना द्यायच्या? कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

---

गोदाकाठ · १२ ऑगस्ट

मी नांदेडची, वय ६७. आधी साडीचं सांगते, ते सोपं आहे.

स्टँड हलका असतो आणि मुखवटा जड, म्हणून बाई आडवी होते. स्टँडच्या पायात दहा किलो तांदळाचा डबा ठेवा किंवा दोन विटा बांधा. तांदूळ बरे, पोटात धान्य असण्याची आपली रीतही राहते. मग परकर घाला, नाडी गच्च. निऱ्या आधी जमिनीवर बसून घालून घ्या, वरून सुतळीने बांधा आणि मग ते बांधलेलं निऱ्यांचं टोक कमरेला खोचा. उभ्या बाईला नेसवतो तसं फिरवत नेसवायला गेलात तर रात्र जाईल. पदर शेवटी. खांद्याच्या जागी जुन्या चादरीची गुंडाळी ठेवा, नाहीतर पदर उतरतो आणि देवी खांदे पाडून बसल्यासारखी दिसते. पहिल्या वर्षी रेशमी साडी नको, ती निसटते. सुती किंवा इरकल घ्या. मुखवटा सगळ्यात शेवटी, आणि तो बसवताना एकानं मागून धरायचं.

भाज्या: सोळा एकत्र करून एकच भाजी करणारी घरं पुष्कळ आहेत. मंडईत या दिवसांत सोळा भाज्यांचे तयार वाटेच मिळतात. आमच्या घरी भेंडी, गवार, पडवळ, दोडकं, कारलं, घोसाळं, तांबडा भोपळा, काकडी, चवळीच्या शेंगा, अळू, अंबाडी, चुका, शेपू, मेथी, पालक, रताळं. मोजा, सोळा झाल्या. अंबाडी विसरू नका. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मात्र लागतेच, आणि पुरणाचे सोळा दिवे. दिवे करताना पुरण जरा घट्ट ठेवा, सैल पुरणाचा दिवा आरतीच्या आधीच बसतो.

आता दुसरं. माझे मिस्टर २००९ साली गेले. पुढच्या महालक्ष्म्यांना मला जावेनं सांगितलं, "ताई, तुम्ही स्वयंपाकघर बघा." मी बघितलं. चार किलो डाळीचं पुरण माझं, दिवे माझे, आंबील माझी. त्या पुरणाचे दिवे ओवाळले गेले, त्याचाच नैवेद्य दाखवला. म्हणजे माझा हात पुरणाला चालला, पुरण देवीला चाललं, मुखवट्याला फक्त मी चालले नाही. मी कुणाला काही बोलले नाही. बोलायची रीत नव्हती. दोन वर्षं गेली तशीच. तिसऱ्या वर्षी नवीन सून नेसवत होती, तिच्या हातून कनिष्ठा कोलमडली आणि मुखवट्याचं नाक चेपलं. घरात रडारड. मी उठले, हात पुसले, दोघींना उतरवलं आणि पुन्हा नेसवलं. कुणी अडवलं नाही. तेव्हापासून मीच नेसवते. मुखवट्याचं नाक अजून चेपलेलंच आहे, मी ते दुरुस्त करू दिलं नाही.

त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं असं समजू नका. आणि नाही पटलं असंही समजू नका. दुपारी एकट्या असताना विचारा.

---

जुनं_ते_सोनं · १३ ऑगस्ट

राग मानू नये. ज्येष्ठागौरी हे सौभाग्याचं व्रत. सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, अशीच घडण आहे. प्रत्येक घराण्याचा कुळाचार असतो, तो भावनेच्या भरात एका फोनवरून बदलू नये. सासूबाईंनी मार्गदर्शन करावं, सुनेनं करावं, यात अपमान कुठला? पुढची पिढी अशीच शिकते. वडीलधाऱ्यांचं ऐकावं एवढंच म्हणतो.

---

खड्यांची_गौर · १३ ऑगस्ट

@जुनं_ते_सोनं, वडीलधाऱ्यांचं ऐकायला मी तयारच आहे. या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई गवार मोडत बसली होती, तिला कुणी विचारलंच नाही.

@गोदाकाठ, चादरीच्या गुंडाळीनं काम झालं. माझी ज्येष्ठा खरंच खांदे पाडून बसली होती. नाकाचं वाचून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हसले आणि मग हसणं थांबलं.

---

पंचांगाचा_किडा · १३ ऑगस्ट

आधी दिवस लिहून ठेवा: यंदा ३१ ऑगस्टला रविवारी आवाहन, १ सप्टेंबरला पूजन, २ सप्टेंबरला विसर्जन. गौरी तिथीवर नाहीत, नक्षत्रावर चालतात. अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. म्हणून गणपतीनंतर कितव्या दिवशी येणार ते दर वर्षी बदलतं. मागच्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरचे आणि गौरी १० तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी. यंदा गणपती २७ ऑगस्टचे, गौरी पाचव्या दिवशी. ज्यांचे गणपती गौरींबरोबर जातात त्यांना यंदा सात दिवस मोदक.

ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा म्हणून ज्येष्ठागौरी, हे सरळ आहे. पण या नावाची दुसरी एक बाई पुराणांत आहे, तिची ओळख करून देतो. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण निघाली, ती ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी. दक्षिणेत तिच्या जुन्या मूर्ती आहेत, सोबत कावळ्याचा ध्वज. कुणी घरात घ्यायला तयार नाही अशी ही थोरली. आणि आपल्याकडे भाद्रपदात दोघी बहिणी जोडीनं उभ्या राहतात, महालक्ष्म्या म्हणून. त्यात थोरलीचं नाव ज्येष्ठा. एकसारख्या साड्या, एकसारखा नैवेद्य, आधी मान थोरलीचा. कोण अशुभ आणि कोण शुभ हे ठरवताना चुलत सासूबाईंनी त्या थोरलीकडे एकदा बघावं.

कहाणीही परत वाचा. आपण ती पूजेला भराभर उरकतो. गरीब ब्राह्मण, पोरं म्हणतात गौर आणा, घरात दाणा नाही. तो जीव द्यायला तळ्यावर जातो, तिथं एक म्हातारी भेटते. तिला आजी म्हणून घरी आणतो. ती घावन मागते, खीर मागते, दावणीला गाईम्हशी येतात, तिसऱ्या दिवशी म्हणते मला पोचती कर. तेव्हा कळतं की हीच गौर. म्हणजे देवी घरात आली ती आजी होऊन, आणि तिनं येताना कुठली भरजरी साडी आणली नव्हती. तिनं सांगितलेली पूजासुद्धा तळ्याकाठच्या दोन खड्यांची. आपले स्टँड आणि पितळी मुखवटे नंतरचे. खडेवाल्या बाईंनी माहेरचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

---

पेणचा_गडी · १४ ऑगस्ट

एवढं सोवळं वाचून घाबरलो. आमच्याकडे तेरड्याची गौर. रानातून तेरडा उपटून आणायचा, मुळासकट, जुडी बांधायची, साडी नेसवायची, मुखवटा लावायचा. तेरडा तिसऱ्या दिवशी माना टाकतो, तोवर गौर निघालेली असते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात तो हाच असणार, असं माझी आई म्हणते.

आणि आमची गौर माहेरवाशीण आहे. माहेराला आलेल्या लेकीला काय घालायचं? वडे आणि मटण. पूजनाच्या दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो. गणपती शाकाहारी, म्हणून मधे पडदा ओढायचा. लहानपणी मला त्या पडद्याचं फार कुतूहल होतं, बाप्पाला वास येत नसेल का? सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तर नव्या सुनेचा ओवसा असतो, म्हणजे सुपं भरून गौरीला वाण. यंदा पूर्वा आहे, म्हणून वहिनीचा ओवसा आहे आणि घरात सुपांचा ढीग लागलाय.

मुद्दा असा की एका गौरीला घावन चालतं, एकीला पुरण, एकीला मटण. म्हणजे देवी समजूतदार आहे. अडचण फोनवरच्या माणसांची असते. माझी आजी विधवा होती आणि गौरीचे वडे तीच काढायची, कारण तिच्यासारखे फुगत नसत कुणाचे.

---

बनशंकरी_मराठी · १४ ऑगस्ट

मी बंगळुरात १४ वर्षं. इथं गौरी हब्बा गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला. सूप भरून माहेरच्या बायकांना वाण देतात, त्याला बागिना म्हणतात. शेजारीण मला देते, मी तिला पाच दिवसांनी पुरणपोळी देते. तिला अजून समजलेलं नाही की आमची गौर उशिरा का येते. आता पंचांगाच्या किड्याचं उत्तर तिला भाषांतर करून सांगणार.

मूळ प्रश्नावर: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर वाकडचा एक फ्लॅटही ठरवू शकेल.

---

जुनं_ते_सोनं · १४ ऑगस्ट

हेरवाडचा विषय वेगळा, कुळाचार वेगळा. असो. माझ्या आईनंही वडील गेल्यावर हळदकुंकवाला जाणं सोडलं होतं, तिनं स्वतःहून. आम्ही तिला कधी विचारलं नाही, हे मात्र खरं.

---

खड्यांची_गौर · ३ सप्टेंबर २०२५

काल विसर्जन झालं, आज रजा टाकून झोपले, आता लिहिते.

गोदाकाठ मावशींचं ऐकून दुपारी एकट्या असताना विचारलं. थेट विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं, "आई, माझ्याच्यानं निऱ्या होत नाहीत." त्या म्हणाल्या, "मला माहितीय तू काय करायलीस." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "ह्यांना आवडायच्या. मी नेसवत असले की दारात उभे राहून 'धाकटीचा पदर वर घे' म्हणायचे. दरवर्षी. आणि दरवर्षी धाकटीचा पदर बरोबरच असायचा." हात न लावण्याचं कारण फोन नव्हताच. निदान एकटा फोन नव्हता. दारात कुणी नसणार हे त्यांना नको होतं. मी नुसतं सवाष्ण आणि विधवा एवढंच धरून तावातावानं भांडत बसले होते.

रविवारी आवाहनाला मी मुखवटे ताटात घेतले, लिफ्टपासून दारापर्यंत रांगोळीची पावलं काढली. लेकीनं ताटली-चमचा वाजवला. "कशाच्या पावलांनी आली?" विचारलं की "सोन्याच्या पावलांनी आली" म्हणायचं, तर ती "लिफ्टनी आली" म्हणाली. सासूबाई हसल्या. खरंच हसल्या.

ज्येष्ठा मी नेसवली. कनिष्ठा त्यांनी, न बोलता, दार लावून, पाऊण तास. माझी ज्येष्ठा मग त्यांनी सोडून पुन्हा नेसवली. म्हणाल्या, राहू दे तशीच म्हणणार होते पण बघवेना. नवरा दारात जाऊन उभा राहिला, आणि तो काही बोलायच्या आत त्याला म्हणाल्या, "तू नको सांगू, बरोबर आहे पदर."

सवाष्णीच्या ताटाशेजारी दुसरं ताट वाढलं. आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांना बोलावलं. त्या आधी "मला कशाला" म्हणाल्या. सासूबाई स्वतः जाऊन घेऊन आल्या. ओटी दोघींची भरली. चुलत सासूबाईंना फोटो पाठवला, त्यावर फक्त "साड्या छान" असं उत्तर आलं. ते मी समेट म्हणून धरते.

सुताच्या गाठी पाडून झाल्या, मुखवट्यांवर अक्षता टाकून ते हलवले आणि ट्रंकेत ठेवले. किडेभाऊ, कहाणीत म्हातारी शेवटी वाळू देते ना, घरभर टाकायला? आमच्याकडे दापोलीला खडे पाण्यात सोडून येताना मूठभर वाळू आणायची रीत होती. ते सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आण. आता वाकडमध्ये वाळू कुठली? समोर बांधकाम चालू आहे, तिथल्या वॉचमनकडून मूठभर मागून आणली. तो म्हणाला, आणखी हवी तर टेम्पो सांगतो. सासूबाईंनी ती तुळशीत घातली, पिठाच्या डब्याभोवती टाकली, आणि चिमूटभर नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत. कीबोर्डमध्ये गेली तर काय, हा प्रश्न विचारायला कुणी धजावलं नाही.

एक शेवटचा प्रश्न राहिलाच. सोळा भाज्या मी प्रत्येकी पाव किलो आणल्या. म्हणजे चार किलो. सहा माणसं जेवली आणि फ्रीजमध्ये अजून मोठं पातेलंभर भाजी आहे. काय करू?

---

गोदाकाठ · ३ सप्टेंबर

पाव किलो प्रत्येकी कुणी सांगितलं होतं बाई? दोन-दोन शेंगा पुरतात. पाणी आटवून घ्या, ज्वारीचं आणि थोडं बेसन घाला, तीळ, ओवा, थालीपीठं लावा. उरलेलं पुरण मला सांगू नका, ते उरत नसतं.